वेगही हवा, शांतताही हवी: ओव्हरक्लॉकिंग आणि वीजबचत एकत्र कशी चालवायची

प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचा, म्हणजे नेमून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवायचा असेल, तर आधी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन वीजबचतीच्या सगळ्या सोयी बंद करा, हा सल्ला कितीतरी वर्षं एकाकडून दुसऱ्याकडे चालत आला आहे. त्यामुळे बहुतेकांनी मनाशी ठरवूनच टाकलंय की मशीन वेगवान हवं असेल तर पंख्यांची घरघर सोसायची आणि शांतता हवी असेल तर वेगावर पाणी सोडायचं. एके काळी या सल्ल्यामागे खरी कारणं होती. आज मात्र तो पाळला तर नुकसानच जास्त होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. संगणक गोंगाट करतो तो मुख्यतः व्होल्टेजमुळे, आणि त्यातही गरज नसताना तासन्‌तास चढवून ठेवलेल्या व्होल्टेजमुळे. हे व्होल्टेज सांभाळता आलं तर जोराच्या कामाला पूर्ण वेग आणि एरवी जवळजवळ निःशब्द मशीन, असं दोन्ही एकाच कॅबिनेटमध्ये मिळतं.

आधी आवाजाचा माग काढू. प्रोसेसर जितके वॅट खातो, तितकी सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. ही उष्णता कूलरच्या पातळ पट्ट्यांपर्यंत पोचते आणि पंखा ती हवेत ढकलतो. वॅट वाढले की तापमान चढतं, ते पाहून मदरबोर्ड पंख्याचे फेरे वाढवतो, आणि आपल्या कानाला त्रास होतो तो या फेऱ्यांचा.

पंख्याचं एक गणित लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच पंख्याचे फेरे निम्मे केले तर हवा साधारण निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलनी उतरतो. दहा डेसिबल कमी झाले की कानाला आवाज जवळपास निम्मा वाटतो. म्हणजे मिनिटाला १४०० फेरे घेणारा पंखा ७०० वर आणला तर तो निम्म्याहूनही बराच शांत वाटेल. याउलट सारखेच दोन पंखे शेजारी लावले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलनी. म्हणूनच एक छोटा पळणारा पंखा लावण्यापेक्षा दोन मोठे संथ पंखे लावणं केव्हाही चांगलं. आणि म्हणूनच प्रोसेसरचे २०-३० वॅट वाचवणं कानासाठी इतकं मोलाचं ठरतं. तेवढ्याने पंखा खालच्या फेऱ्यांवर येऊ शकतो, आणि तिथे आवाज झपाट्याने मरतो.

आता हे वॅट येतात कुठून ते पाहू. चिपमधले ट्रान्झिस्टर अखंड उघडझाप करत असतात. या उघडझापीला लागणारी वीज क्लॉकच्या, म्हणजे उघडझापीच्या वेगाच्या, प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजण्यासाठी एक हिशोब करू. एखादा प्रोसेसर ४.० गिगाहर्ट्झला १.२० व्होल्टवर चालतो. तो ४.४ वर न्यायचा तर समजा १.३५ व्होल्ट द्यावे लागले. क्लॉक वाढला १० टक्के. व्होल्टेज वाढलं साडेबारा टक्के, त्याचा वर्ग केला की जवळपास २७ टक्के. दोन्हींचा गुणाकार केला की वीज सुमारे ३९ टक्क्यांनी वाढते. वेग दहा टक्के, उष्णता एकोणचाळीस टक्के, हा व्यवहार काही परवडणारा नाही. आता उलट करून पाहू. तोच प्रोसेसर ४.० वरच ठेवला आणि त्याला १.१० व्होल्ट पुरले, तर वेग तसूभरही कमी न होता वीज १६ टक्क्यांनी घटते. कारखान्यातून येणाऱ्या चिपला बहुधा गरजेपेक्षा थोडं जास्तच व्होल्टेज नेमून दिलेलं असतं, कारण त्या खेपेतली सगळ्यात कमजोर चिपसुद्धा नीट चालली पाहिजे. आपल्या हातात आलेली चिप त्यातल्या त्यात बरी असेल तर हा शिलकी भाग आपण वापरू शकतो.

ही झाली कामाची वीज. दुसरी असते गळतीची. ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून थोडी वीज झिरपत राहते, चिप काही करत नसली तरी. ही गळती व्होल्टेजबरोबर वाढते आणि तापमानाबरोबरही वाढते. चिप तापली की गळती वाढते, गळती वाढली की चिप आणखी तापते. इंटेलच्या पेंटियम ४ प्रोसेसरला याच भिंतीचा धक्का बसला. ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणण्याचं जाहीर केलेलं असताना ऑक्टोबर २००४ मध्ये कंपनीने तो रद्द केला, आणि नुसता क्लॉक वाढवत नेण्याची शर्यत तिथे थांबली. गळतीचा हा मुद्दा डोक्यात असू द्या, ओव्हरक्लॉक केलेलं मशीन रिकामं बसलं तरी का तापतं याचं उत्तर त्यातच आहे.

प्रोसेसर वीज दोन तऱ्हेने वाचवतो. पहिल्या तऱ्हेत तो चालूच असतो, पण क्लॉक आणि व्होल्टेज दोन्ही उतरवून. या पायऱ्यांना पी-स्टेट म्हणतात. दुसऱ्या तऱ्हेत काम संपलं की कोअर, म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग, चक्क झोपतो. या झोपेच्या पायऱ्या म्हणजे सी-स्टेट. घरच्या पंख्याचा रेग्युलेटर तीनवर आणणं आणि बटण बंद करणं, यांत जो फरक आहे तोच यांत आहे. इंटेलने लॅपटॉपच्या पेंटियम ३ मध्ये स्पीडस्टेप आणलं ते जानेवारी २००० मध्ये. डेस्कटॉपवर ही सोय आधी रुळवली इंटेलच्या प्रतिस्पर्धी एएमडीने. २००३ च्या ॲथलॉन ६४ मध्ये कूल-अँड-क्वाएट नावाने ती आली आणि शांत संगणकाच्या वेडाने झपाटलेल्या मंडळींनी ती लगेच उचलून धरली. इंटेलचे डेस्कटॉप प्रोसेसर २००५ मध्ये या रांगेत आले. नोव्हेंबर २००८ च्या पहिल्या कोअर आय७ पासून तर रिकाम्या कोअरची वीज जवळपास पूर्ण तोडण्याची सोय झाली. तो कोअर झोपला की गळतीही थांबते.

आपण टाइप करत असतो तेव्हा दोन अक्षरांच्या मधला वेळ आपल्याला क्षणभराचाही वाटत नाही. प्रोसेसरच्या हिशोबात तो प्रचंड मोठा काळ असतो. तेवढ्यात कोअर अनेक वेळा जागा होतो, हातातलं काम उरकतो आणि पुन्हा झोपतो. वाचणं, लिहिणं, गाणी ऐकणं या कामांत दिवसाचा मोठा भाग जातो, आणि त्यात प्रोसेसर बहुतेक वेळ झोपलेलाच असतो, किंवा असायला हवा. शांत संगणक घडतो तो या रिकाम्या वेळात.

मग वीजबचत बंद करण्याचा सल्ला आला कुठून? त्यासाठी इंटेल कोअर २ च्या जमान्यात जावं लागेल. जानेवारी २००८ मध्ये आलेला ई८४०० घेऊ, कारण तो फार लोकांनी वापरला आणि मनसोक्त ओव्हरक्लॉकही केला. त्याचा वेग म्हणजे ३३३ मेगाहर्ट्झची बस (मदरबोर्डकडून येणारा मूळ ठोका) गुणिले ९ हा गुणक, म्हणजे ३ गिगाहर्ट्झ. गुणक वरच्या बाजूला कुलूपबंद होता, त्यामुळे वेग वाढवायचा एकच रस्ता उरायचा, बस वाढवणं. बस ४०० केली की ३.६ गिगाहर्ट्झ मिळायचे. वीजबचत चालू असेल तर रिकाम्या वेळी गुणक ९ वरून ६ वर उतरायचा. मुळात हा उतार ३३३ गुणिले ६, म्हणजे २ गिगाहर्ट्झपर्यंतचा. ओव्हरक्लॉक केल्यावर मात्र ४०० गुणिले ६, म्हणजे २.४. इथवर काहीच बिघडत नाही.

बिघडायचं ते व्होल्टेजपाशी. ३.६ गिगाहर्ट्झ स्थिर चालावेत म्हणून लोक बायोसमध्ये व्होल्टेजचा आकडा हाताने टाकायचे. अनेक मदरबोर्डांवर तो आकडा टाकला की व्होल्टेज तिथेच खिळून बसायचं. क्लॉक उतरला तरी व्होल्टेज उतरायचं नाही. मोजून पाहणाऱ्यांना दिसायचं की वीजबचत चालू ठेवा की बंद, रिकाम्या मशीनच्या वॅटमध्ये फार फरक नाही. त्यावरून निष्कर्ष निघाला की वीजबचतीत काही दम नाही, उगाच अस्थिरता कशाला ओढवून घ्या. निरीक्षण बरोबर होतं, निष्कर्ष मात्र चुकला. कोअर रिकामा असतो तेव्हा त्याचा क्लॉक तसाही थांबवलेला असतो. तो २.४ चा आहे की ३.६ चा, याने मोठा फरक पडत नाही. उरते ती गळती, आणि गळती ठरते व्होल्टेजवर. व्होल्टेज खिळवून ठेवल्यावर वाचणार काय? ज्यांच्या बोर्डावर व्होल्टेज ‘ऑटो’वर ठेवता यायचं आणि चिपही त्यात ३.४-३.६ पर्यंत चालायची, त्यांना त्याच काळात वेगवान आणि शांत मशीन मिळत होतं.

दुसरं कारण अधिक रास्त होतं. वेग आणि व्होल्टेज वरखाली होताना, नेमक्या त्या बदलाच्या क्षणी मशीन अडखळायचं. व्होल्टेज पुरतं चढण्याआधी भार आला की ब्लू स्क्रीन. सगळं एका जागी खिळवून ठेवलं की ही एक भानगड कमी व्हायची. स्पर्धेत आकडे नोंदवणाऱ्यांसाठी ते आजही ठीक आहे. रोज दहा तास टेबलावर चालणाऱ्या संगणकासाठी नाही.

चित्र बदललं जानेवारी २०११ मध्ये, इंटेलच्या सँडी ब्रिज पिढीबरोबर. आय५-२५००के हा त्यातला सगळ्यांचा लाडका. मूळ गुणक ३३, टर्बोला, म्हणजे भार आल्यावर आपोआप मिळणाऱ्या जादा वेगाला, ३७, बस १०० मेगाहर्ट्झवर जवळपास पक्की. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे टर्बोचा गुणक वाढवायचा, समजा ४५ केला. गंमत अशी की खालची पायरी जागची हलत नाही. रिकाम्या वेळी तो आधीसारखाच १६ वर, म्हणजे १.६ गिगाहर्ट्झवर येतो. छप्पर उंच केलं, जमीन तिथेच. आणि व्होल्टेजसाठी आला ऑफसेट. ठरावीक आकडा देण्याऐवजी बायोसला सांगायचं की प्रोसेसर स्वतःहून जितकं मागेल त्यात इतकं मिळव किंवा इतकं वजा कर. मग व्होल्टेज भाराबरोबर चढतं आणि उतरतंही.

ऑफसेटची एक खोच आहे, ती सांगायलाच हवी. तो सगळ्या पायऱ्यांना सारखाच लागू होतो. भाराखाली जास्त व्होल्टेज लागतंय म्हणून बेरीज केली तर रिकाम्या वेळीही तेवढी बेरीज राहते. वीज वाचावी म्हणून वजाबाकी केली तर वर भाराखाली सगळं उत्तम चालतं, पण खाली, जिथे व्होल्टेज आधीच एक व्होल्टच्या आसपास असतं, तिथे ते अपुरं पडू शकतं. अशा मशीनवर तासभर जड चाचणी चालवली तर ते पास होतं, आणि नंतर कोणी हात लावलेला नसताना आपोआप रिस्टार्ट होतं. २०१३ च्या हॅसवेल पिढीपासून बऱ्याच बोर्डांवर ‘ॲडॅप्टिव्ह’ नावाचा तिसरा पर्याय आला. त्यात फक्त टर्बोच्या वरच्या टप्प्याचं व्होल्टेज आपण ठरवतो, खालचे टप्पे प्रोसेसर स्वतः सांभाळतो. इंटेलवर शांत ओव्हरक्लॉकसाठी मी आधी हाच पर्याय बघेन.

आजच्या प्रोसेसरचं काय? त्यांनी खेळच बदलला आहे, कारण ते कारखान्यातूनच जवळजवळ ओव्हरक्लॉक होऊन येतात. एएमडीचा रायझन ७ ५८००एक्स हे चांगलं उदाहरण. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेला, आठ कोअरचा, मूळ क्लॉक ३.८ आणि बूस्ट, म्हणजे गरजेला स्वतःहून गाठायचा कमाल वेग, ४.७ गिगाहर्ट्झ. खोक्यावर १०५ वॅट लिहिलेले असतात, पण मदरबोर्डवरच्या सॉकेटमधून प्रत्यक्षात घ्यायची त्याची मर्यादा आहे १४२ वॅट. त्याचे आठही कोअर सुमारे ८० चौरस मिलिमीटरच्या एका तुकड्यावर आहेत, म्हणजे बोटाच्या नखापेक्षाही लहान जागेवर. इतक्या छोट्या जागेतून इतकी उष्णता खेचून घेणं चांगल्या कूलरलाही जड जातं. कूलर मोठा लावूनही हा प्रोसेसर तापतो ही तक्रार सारखी ऐकू येते, तिचं मूळ इथे आहे.

अशा प्रोसेसरवर जुन्या पद्धतीने सगळे कोअर ४.५ गिगाहर्ट्झवर खिळवले तर दोन्हीकडून तोटा. एका कोअरच्या कामात मिळणारा ४.७ चा बूस्ट गेला, आणि हलक्या कामातही व्होल्टेज वर राहिलं. त्यापेक्षा पीबीओ म्हणजे प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह (बूस्टच्या मर्यादा सैल करणारी सोय) आणि कर्व्ह ऑप्टिमायझर या दोन सोयी वापराव्यात. कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये आपण प्रोसेसरला सांगतो की तुझ्या ठरलेल्या कोष्टकात प्रत्येक वेगाला जितकं व्होल्टेज लिहिलंय त्याहून थोडं कमी घे. प्रत्येक कोअरला उणे ३० पर्यंतचा आकडा देता येतो आणि एक आकडा साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टचा असतो. उणे १५ दिले तर ४५ ते ७५ मिलिव्होल्टची कपात. व्होल्टेजच्या वर्गाचा जो हिशोब आधी केला त्यात ही कपात घालून पाहा, म्हणजे तिची किंमत कळेल.

इथे एक सुंदर गोष्ट घडते. हा प्रोसेसर स्वतःचा वेग तापमान, वॅट आणि करंट यांच्या मर्यादा बघून ठरवतो. व्होल्टेज कमी केलं की वॅट वाचतात, आणि वाचलेल्या वॅटमध्ये तो स्वतःहून आणखी वर चढतो. कमी व्होल्टेज देऊन जास्त वेग मिळतो, म्हणजे वीजबचत हेच ओव्हरक्लॉकिंगचं हत्यार होतं. मग त्या वाचलेल्या वॅटचं काय करायचं ते आपण ठरवायचं. वेग घ्यायचा की शांतता? मी निम्मं-निम्मं वाटून घेण्याच्या मताचा आहे. कर्व्ह ऑप्टिमायझर उणे ठेवायचा आणि वॅटची मर्यादाही १४२ वरून खाली आणायची. एएमडीचा इको मोड हेच करतो, १०५ वॅटच्या प्रोसेसरला तो ६५ च्या वर्गात बसवतो आणि सॉकेटची मर्यादा ८८ वॅट होते. एका-दोन कोअरच्या कामात याचा फारसा फरक जाणवत नाही, कारण ते काम तसंही ८८ वॅटच्या आत उरकतं. सगळे कोअर लागणाऱ्या रेंडरिंगसारख्या कामात थोडा वेग जातो, पण जितके वॅट वाचतात त्या मानाने तो कमीच असतो. वेग आणि वीज यांच्यातलं शेवटचं टोक नेहमीच सगळ्यात महाग असतं.

इंटेलवर हेच काम वॅटच्या दोन मर्यादा करतात, एक दीर्घ भारासाठी आणि दुसरी अल्पकाळासाठी. आय९-१३९००केसाठी त्या १२५ आणि २५३ वॅट आहेत. पण बरेच मदरबोर्ड या मर्यादा मूळ सेटिंगमध्येच मोकळ्या सोडतात. नवीन मशीन पहिल्याच दिवसापासून गोंगाट करतं तेव्हा सगळ्यात आधी हेच तपासावं.

मॉनिटरिंग सॉफ्टवेअर उघडून बसणाऱ्यांसाठी एक सूचना. २०१९ मध्ये रायझन ३००० आल्यावर अनेकांना रिकाम्या मशीनवर १.४ व्होल्टहून जास्त आकडा दिसला आणि घबराट उडाली. त्यातला मोठा भाग असा होता की सॉफ्टवेअर आकडा वाचायला जायचं तेव्हा तेच झोपलेल्या कोअरला जागं करायचं, आणि प्रोसेसर काम आलं समजून बूस्टला चढायचा. दर अर्ध्या सेकंदाला डोकावणारं सॉफ्टवेअर बंद करा, मग मशीन खरोखर झोपतं.

आता या सगळ्याची किंमत. वीजबचत चालू ठेवून केलेला ओव्हरक्लॉक तपासायला अवघड असतो. खिळवलेल्या सेटिंगमध्ये एकच बिंदू तपासायचा असतो. इथे मात्र खालपासून वरपर्यंतचा अख्खा जिना तपासायचा, आणि चढ-उतारही. प्राइम९५ किंवा ओसीसीटी यांसारखं चाचणीचं सॉफ्टवेअर रात्रभर चालवलं तरी ते फक्त जड भाराची परीक्षा घेतं. त्यात सगळे कोअर तापून थोड्या कमी वेगावर स्थिरावलेले असतात. कर्व्ह ऑप्टिमायझरचा उणे आकडा जास्त झाला असेल तर मशीन पडतं ते बहुधा हलक्या कामात, जेव्हा एकटा थंड कोअर एकदम कमाल वेगावर उडी घेतो. म्हणून एकेका कोअरवर आळीपाळीने भार देणारी चाचणी करावी, शिवाय मशीन काही तास नुसतं सोडून द्यावं, झोपवून पुन्हा जागं करून पाहावं, आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हिया’ (WHEA) नावाच्या हार्डवेअर चुका नोंदल्या गेल्यात का ते बघावं. एकही नोंद दिसली तर त्या कोअरचा आकडा दोन-तीनने सैल करायचा. सगळ्या कोअरना एकच आकडा देण्यापेक्षा हे वेळखाऊ आहे, पण खरं फळ यातच मिळतं. प्रोसेसरने उत्तम म्हणून निवडलेले कोअर आधीच कमी व्होल्टेजवर चालवलेले असतात, त्यांच्यात कापायला जागा कमी उरते.

मदरबोर्डवरच्या लोड लाइन कॅलिब्रेशनपासून जपून राहावं. भार आला की व्होल्टेज किंचित खाली झुकतं, हे मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. ही सोय ते झुकणं कमी करते. सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवली तर भार अचानक सुटताना व्होल्टेज क्षणभर ठरवलेल्या आकड्याच्याही वर उसळतं. सतत झोपणाऱ्या आणि उठणाऱ्या प्रोसेसरवर अशा उसळ्या दिवसभर येत राहतात. मधली पायरी पुरते.

जास्त व्होल्टेज काय करतं याचा ताजा धडा इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीने दिला. त्यांच्या वरच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये काही काळाने अस्थिरता येऊ लागली. २०२४ मध्ये इंटेलने कारण जाहीर केलं. वाढीव व्होल्टेज आणि तापमानामुळे कोअरमधल्या एका क्लॉक सर्किटची झीज होत होती, आणि त्याला लागणारं किमान व्होल्टेजच हळूहळू वर सरकत होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेल्या दुरुस्तीत, रिकाम्या आणि हलक्या कामाच्या वेळी मागितलं जाणारं जादा व्होल्टेज आवरण्याचाही भाग होता. झालेली झीज सॉफ्टवेअरने भरून निघत नाही. या पिढीचा प्रोसेसर असेल तर बायोस अपडेट केल्याशिवाय कोणत्याही सेटिंगला हात लावू नये. वॉरंटीचंही लक्षात असू द्या, ओव्हरक्लॉकिंगने झालेलं नुकसान ती भरून देत नाही, आणि एएमडीच्या बाबतीत पीबीओही त्यातच मोडतो.

व्होल्टेज जागेवर आलं की मग पंखा. इथे बहुतेक मशीन मार खातात. ब्राउझर उघडला की एक कोअर बूस्टला जातो, तापमान पापणी लवण्याआधी ४५ वरून ६५ वर जातं, आणि पंखा हूं करून चढतो. दोन सेकंदांत काम संपतं, पंखा उतरतो. पुन्हा क्लिक, पुन्हा हूं. एकसुरी आवाज कान थोड्या वेळाने विसरतो, असा खालवर होणारा आवाज मात्र दर वेळी लक्ष वेधून घेतो. दोन सेकंदांच्या उष्णतेसाठी पंख्याने धावायची काहीच गरज नसते. कूलरचं धातूचं अंग तेवढी उष्णता सहज सामावून घेतं. म्हणून बायोसमध्ये पंख्याला उशिरा प्रतिसाद द्यायला लावायचं, चढायला पाचेक सेकंद आणि उतरायला त्याहून जास्त. पंख्याचा कर्व्ह, म्हणजे कोणत्या तापमानाला किती फेरे याचा आलेख, सपाट ठेवायचा, समजा ६५ अंशांपर्यंत पंखा ६०० च्या आसपास फेऱ्यांवर स्थिर, आणि त्यापुढे हळूहळू चढण. रायझन ५८००एक्सची कमाल मर्यादा ९० अंश आहे, भाराखाली ७५-८० दिसले तर धसका घ्यायचं कारण नाही. तापमान उगाच ५५ वर ठेवण्यासाठी पंखा पळवणं म्हणजे कानांना विनाकारण शिक्षा.

हे आकडे ज्या खोलीत लावायचे त्या खोलीचं तापमानही हिशोबात घ्यावं लागतं. कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त ‘खोलीपेक्षा इतके अंश जास्त’ हे ठरवतो. १०० वॅटला ४० अंशांची वाढ देणारा कूलर पुण्यात जानेवारीत २२ अंशांच्या खोलीत प्रोसेसरला ६२ वर ठेवेल. तोच कूलर, तेच फेरे, नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात ३८ अंशांच्या खोलीत ७८. परदेशातल्या थंड खोल्यांत आखलेला पंख्याचा कर्व्ह जसाच्या तसा उचलला तर उन्हाळ्यात तो दिवसभर ओरडतो. थंडीत सेट केलेलं मशीन उन्हाळ्यात एकदा तपासावंच. आणि कॅबिनेटच्या जाळीवरची धूळ महिन्या-दोन महिन्यांनी साफ करावी. जाळी तुंबली की वर केलेली सगळी कपात वाया जाते.

कधीकधी मात्र पंखे अगदी मंद असूनही एक बारीक, किरकिरा सूर ऐकू येतो. माउस हलवला की बदलतो, पान स्क्रोल केलं की आणखी बदलतो. हा मदरबोर्डवरच्या कॉइलचा आवाज. वीजबचतीतूनच निर्माण होणारा हा एकमेव आवाज आहे आणि तो टाळणं अवघड. प्रोसेसर सेकंदाला हजारो वेळा झोपू-उठू लागला की करंटही तितक्याच वेळा झटके देतो, त्या झटक्यांनी कॉइल थरथरते आणि नेमकी आपल्या कानाला ऐकू येणाऱ्या पट्टीत. कोअर २ च्या काळातल्या कित्येक लॅपटॉपना हा रोग होता. उपाय म्हणून सगळी वीजबचत बंद करू नये. आधी फक्त सगळ्यात गाढ झोपेची सी-स्टेट बंद करून पाहावी, हलकी झोप आणि वेगाची चढ-उतार तशीच ठेवावी. बऱ्याचदा तेवढ्याने सूर थांबतो किंवा कानाआड होतो, आणि जादा खर्च होतो तो थोड्याच वॅटचा.

लॅपटॉपवाल्यांचा मात्र हिरमोड होईल. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेतली त्रुटी उघड झाली. सॉफ्टवेअरमधून व्होल्टेज कमी करून इंटेल प्रोसेसरमधल्या सुरक्षित कप्प्यातली गुपितं काढता येतात, असं त्यात दिसलं. त्यानंतर अनेक लॅपटॉपवर व्होल्टेज बदलण्याची वाटच बंद झाली. तिथे हातात उरतात त्या वॅटच्या मर्यादा आणि ऑपरेटिंग सिस्टिमची सेटिंग.

ही सेटिंग डेस्कटॉपवरही दुर्लक्षित राहते. बायोसमध्ये तासन्‌तास घालवून विंडोजमध्ये ‘हाय परफॉर्मन्स’ निवडलं की प्रोसेसरची किमान पातळी १०० टक्के होते आणि वेग उतरायचंच नाव घेत नाही. ‘बॅलन्स्ड’ निवडावं, त्यात किमान पातळी ५ टक्के असते आणि भार आला की पूर्ण वेग मिळतोच. लिनक्सवर हेच काम गव्हर्नर करतो, तो ‘परफॉर्मन्स’वर अडकलेला नाही ना एवढं बघावं. घरात माइक लावून पॉडकास्ट किंवा ऑडिओबुक रेकॉर्ड करणाऱ्यांनी विंडोजमध्ये आणखी एक प्लॅन बनवून ठेवावा, त्यात कमाल पातळी १०० ऐवजी ९९ टक्के. एवढ्या एका टक्क्याने बूस्ट पूर्ण बंद होतो, प्रोसेसर मूळ वेगाच्या आसपास राहतो आणि रेकॉर्डिंगच्या मधेच पंखा चढण्याचा धोका बराच कमी होतो. रेकॉर्डिंग संपलं की पुन्हा ‘बॅलन्स्ड’वर या, ओव्हरक्लॉक जसाच्या तसा परत मिळतो आणि एडिटिंग, रेंडरिंग पूर्ण वेगाने करता येतं. रिस्टार्टही करावं लागत नाही.